मुलांना स्वर वाचायला कसे शिकवावे?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात गणित, इंग्रजी, शिष्यवृत्ती परीक्षा, दहावीनंतरचे मार्ग अशा विषयांवर व्याख्याने होतात आणि ती झालीच पाहिजेत. यंदा संस्थेने मला संगीताबद्दल बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी आभारी आहे. मात्र गायनाच्या गोडीवर मी बोलणार नाही. माझा विषय त्याहून साधा आहे. आपले मूल जसे अक्षर वाचते, तसा त्याला स्वर वाचता यावा यासाठी काय करावे, आणि तेही अंधेरी, जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपर, मुलुंडच्या दहा बाय बाराच्या खोलीत काय करता येईल, एवढाच तो विषय.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. संगीताविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत. काही घरांत वाद्य चालते, काही घरांत चालत नाही. या प्रश्नाचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही आणि कोणाच्या घरचा नियम मोडावा असेही मी सांगणार नाही. पुढे मी जी साधने सांगणार आहे, त्यांतील बहुतेकांना वाद्य लागतच नाही. मुलाचा आवाज, त्याचे हात आणि घरातील टाकाऊ वस्तू एवढे पुरते. ज्यांना हेही नको असेल त्यांनी यातील शिकवण्याची पद्धत तेवढी उचलावी. ती गणितालाही लागू पडते.

ध्वनीला खूण असते आणि ती खूण वाचता येते, ही कल्पना आपल्या मुलांना नवी नाही. सहा-सात वर्षांचे मूल कायदा घेऊन बसते. प्रथम हरफ, मग जबर, जेर, पेश, मग जज्म आणि तश्दीद. पुढे मद्दची खूण दिसली की आवाज लांबवायचा, हे त्याला कळते. वक्फच्या खुणा पाहून कोठे थांबायचे आणि कोठे थांबायचे नाही, हेही ते शिकते. तिलावत म्हणजे गायन नव्हे. तिचा अदब वेगळा आणि तिचे नियमही वेगळे. दोहोंची तुलना मला करायची नाही. माझे म्हणणे इतकेच की, ज्या मुलाला इतक्या बारीक खुणा वाचता येतात, त्याला सात स्वरांच्या खुणा वाचता येणार नाहीत असे मानण्याचे काही कारण नाही.

मग अडते कोठे? आपल्याकडे गाणे शिकणारी मुले बहुधा पाठांतरावर शिकतात. शिक्षक म्हणतात, मूल मागून म्हणते. शिक्षक बदलले, शिकवणी सुटली, घर बदलले की मूल थांबते. पाठ केलेली दहा गाणी उरतात, अकरावे स्वतःहून काढता येत नाही. ज्याला वाचता येते, त्याचे शिक्षण शिकवणी सुटल्याने संपत नाही. वाचनाचे मोल अक्षरात आहे तसेच ते स्वरातही आहे.

या बाबतीत आपल्या मुलुखाचा इतिहास मुलांना ठाऊक असावा, म्हणून थोडक्यात सांगते. हिंदुस्थानी संगीताची तालीम पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आली. उस्तादाने गावे, शागिर्दाने ऐकावे. खानदानी चिजा ही घराण्याची मिळकत होती. ती बाहेर गेली तर पोटावर पाय येईल, अशी भीती उस्तादांना वाटत असे, आणि राजाश्रयावर जगणाऱ्या माणसांची ही भीती खोटी नव्हती. अशा काळात बडोद्यात उस्ताद मौलाबक्ष यांनी वेगळी वाट धरली. दक्षिणेत म्हैसूरकडे राहून त्यांनी कर्नाटक संगीताचा अभ्यास केला होता. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ साली गायनशाळा निघाली आणि मौलाबक्ष तिचे प्रमुख झाले. त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली आणि विद्यार्थ्यांसाठी पुस्तके छापली. घरातील विद्या वर्गातील फळ्यावर आली. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संगीताची विद्याशाखा आपला उगम त्याच शाळेत सांगते. मौलाबक्ष १८९६ साली वारले. ज्यांनी पुढे हिंदुस्थानी संगीत युरोप-अमेरिकेत नेले, ते इनायत खाँ हे त्यांचे नातू.

त्यानंतरची दोन नावे आपण सर्व जाणता. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईतच, वाळकेश्वरी झाला. ते व्यवसायाने वकील. जयपूरचे मोहम्मद अली खाँ आणि त्यांचे चिरंजीव आशिक अली खाँ यांच्याकडून त्यांनी चिजा मिळवल्या, रामपूरच्या दरबारातून मिळवल्या, आणि सोप्या खुणांनी मराठी पुस्तकांत उतरवल्या. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग आहेत. आज कोणीही ते विकत घेऊ शकतो. दुसरे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर, जन्म १८७२, गाव कुरुंदवाड. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली. त्याच माणसाने १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि डोळ्यांनी वाचायची स्वरलिपीही बनवली. आपल्या मुलांनी भातखंड्यांचे पुस्तक उघडले तर त्यातील कितीतरी चिजा मुसलमान उस्तादांच्या गळ्यातून आलेल्या आढळतील. तो वारसा छापलेला आहे. वाचता येत नाही म्हणून तो आपल्यालाच परका होऊ नये.

रोजीरोटीचाही एक दाखला देते. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चर्चला जोडलेल्या शाळांत लहान मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवीत. त्याचे फळ मुंबईत दिसले. हिंदी बोलपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने आले, कारण समोर कागद ठेवला की ते तत्क्षणी वाजवू शकत. माजोर्डा गावी १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल यांनी त्यांच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले. त्याच ध्वनिमुद्रणांत सतार, सारंगी, बासरी वाजवणारे वादक आपापल्या वहीत सरगम लिहून घेत. लिपी कोणतीही असो, ज्याला वाचता-लिहिता आले त्याचे काम अडले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. लहान मुलाच्या पुढ्यात स्वरलिपीचे छापील पान ठेवले तर त्याला त्यात आडव्या-उभ्या रेघा आणि ठिपके दिसतात. त्याचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. याचे कारण क्रम चुकतो. आधी कान, मग हात, आणि सर्वांत शेवटी डोळा, असा क्रम असला पाहिजे. मूल आधी बोलते, नंतर वस्तू हाताळते, मग अक्षर ओळखते. स्वराचेही तसेच आहे.

हे मी पदरचे सांगत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी इटलीत ग्विदो नावाचे एक ख्रिस्ती साधू मुलांना गायन शिकवीत. बोटांच्या पेरांवर स्वर बसवून शिकवण्याची पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. गुरुजी पेरावर बोट ठेवीत, मुले तो स्वर गात. ज्याला पूर्वी दहा वर्षे लागत ते काम वर्षा-दोन वर्षांत होते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. फ्रान्समध्ये लुई ब्रेल यांनी १८२९ साली ठिपक्यांच्या लिपीचे पुस्तक काढले, त्यात अक्षरांबरोबर संगीतही होते. अंध मुले आज बोटांनी स्वर वाचतात. मादाम माँटेसोरी यांच्या शाळांत दिसायला अगदी सारख्या घंटांचे दोन संच असतात. मुलाने केवळ ऐकून त्यांच्या जोड्या लावायच्या. नंतर ते लाकडी पाटीवर स्वरांच्या चकत्या मांडते. त्या बाई १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धाच्या काळात येथेच राहिल्या.

परंतु अशा घंटा महाग असतात. आपल्याकडे यावर तोड काढली ताराबाई मोडक यांनी. १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी गरीब मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. तेथे बिया, खडे, शंख-शिंपले हेच शिक्षणाचे साहित्य होते. वस्तू महाग असण्याची गरज नाही, तिने नेमकी एकच गोष्ट शिकवली पाहिजे, हा धडा त्यांच्याकडून घ्यावा. त्या धड्याला धरून मी चार साधने सांगते.

पहिले साधन जमिनीवरची शिडी. चाळीच्या गॅलरीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात खडूने एका ओळीत तेरा घरे आखा. फरशी असेल तर आखण्याचीही गरज नाही. पहिल्या घरात सा, तिसऱ्यात रे, पाचव्यात ग, सहाव्यात म, आठव्यात प, दहाव्यात ध, बाराव्यात नि आणि तेराव्यात वरचा सा लिहा. आता मुलाने गात गात चालायचे. पहिल्याच दिवशी ते विचारेल, ‘बाई, ग आणि म शेजारी शेजारी का? मध्ये घर का नाही?’ नि आणि वरच्या सा यांच्यामध्येही घर नाही. बाकी पाच ठिकाणी एकेक घर रिकामे आहे. त्या पाच रिकाम्या घरांत कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध आणि कोमल नि राहतात. सात शुद्ध आणि पाच विकृत मिळून बारा स्वर, ही व्याख्या परीक्षेसाठी घोकावी लागते. येथे ती पायांना समजते. रे, ग, ध आणि नि या चौघांना एकेक घर खाली सरकवा, भैरवीचे स्वर तयार होतात. म आणि नि गाळून उड्या मारा, भूपाचे स्वर मिळतात. घरात पेटी असेल तर पांढरी एकपासून पांढऱ्या पट्ट्या दाखवा. काळी पट्टी कोठे नाही ते मूल स्वतःच शोधील.

दुसरे साधन पाण्याचे वाडगे. हे जलतरंगाचे छोटे रूप आहे. चिनी मातीचे मोठे, मधले आणि लहान असे तीन वाडगे घ्या. सुरुवातीला सा, ग, प एवढेच पुरे. लाकडी काडीने हलके वाजवायचे आणि चमच्याने पाणी घालून स्वर जुळवायचा. पाणी वाढले की स्वर उतरतो. मिळालेला स्वर कोणता, त्याची चिठ्ठी मुलाने वाडग्याखाली ठेवायची. चिठ्ठी म्हणजेच पहिली लिपी. येथे एक गंमत आहे. बाटलीत पाणी घालून काडीने वाजवली तर स्वर उतरतो, पण तिच्या तोंडाशी फुंकली तर चढतो. वाजवताना काच आणि पाणी थरथरतात, फुंकताना आतली हवा. आठवी-नववीच्या मुलांना विज्ञानाच्या तासाला हे जरूर करून पाहू द्या.

तिसरे साधन मला सर्वांत उपयोगी वाटते, ते म्हणजे अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. उपनगरातील कोणत्याही अंडेवाल्याकडे तो मिळतो. त्यात तीस खळगे असतात. कात्रीने चार ओळी आणि प्रत्येक ओळीत चार खळगे एवढा तुकडा कापा. सोळा खळगे म्हणजे त्रितालाच्या सोळा मात्रा आणि चार ओळी म्हणजे चार विभाग. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ सुरू होताना टाळी, तिसरी ओळ सुरू होताना हात उघडा, कारण ती खाली. पहिल्या खळग्याला लाल रंग द्या, ती सम. बोटांवरही हाच हिशेब बसतो. चार बोटे, प्रत्येकाची तीन पेरे आणि एक टोक, मिळून सोळा. तस्बीह हाताशी नसली की आपण पेरांवर मोजतो. मुलांच्या अंगठ्याला ही सवय असतेच.

चौथे साधन या ट्रेमध्ये मांडायचे. पुठ्ठ्याच्या चकत्यांवर सा, रे, ग, म, प, ध, नि ही अक्षरे लिहा. प्रत्येक स्वराच्या आठ-दहा चकत्या करा. सोबत वापरलेल्या आगकाड्या आणि शर्टाच्या गुंड्या ठेवा. एका खळग्यात एक चकती म्हणजे एका मात्रेला एक स्वर. खळग्यात नुसती काडी म्हणजे मागचा स्वर लांबवायचा. चकतीखाली आडवी काडी म्हणजे कोमल. म च्या वर उभी काडी म्हणजे तीव्र. खाली गुंडी म्हणजे मंद्र सप्तक, वर गुंडी म्हणजे तार सप्तक. एका खळग्यात दोन चकत्या म्हणजे एका मात्रेत दोन स्वर.

आता पहिल्या ओळीत सा, रे, ग, म मांडा. दुसरीत प, काडी, प, काडी. तिसरीत म, ग, रे, ग. चौथीत सा आणि पुढे तीन काड्या. एका मुलाने मांडायचे, दुसऱ्याने बोट ठेवत गायचे, तिसऱ्याने टाळी धरायची. चुकले तर चकती बदलायची. खोडरबर नको की ओरडा नको. आठ-पंधरा दिवस असे झाल्यावर मुलाला वही द्या आणि ट्रेमध्ये जे दिसते त्याचे चित्र काढायला सांगा. त्याने काढलेले चित्र हीच भातखंडे पद्धतीची स्वरलिपी आहे. आडव्या काडीची आडवी रेघ झाली, गुंडीचे टिंब झाले, एका खळग्यातील दोन स्वरांखाली कंस आला, समेला फुली, खालीला शून्य. त्यानंतर छापील पान उघडले की मूल ते ओळखते, कारण त्यातील प्रत्येक खूण त्याने हाताने ठेवलेली असते.

दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे की, साधन ही कुबडी आहे. पाय धड झाले की ती सोडायची असते. पुष्कळ पालक घरच्या की-बोर्डवर स्वरांची नावे चिकटवतात आणि ती वर्षानुवर्षे तशीच राहतात. मूल मग स्वर न ऐकता चिठ्ठ्या वाचते. महिन्याभरात त्या एकेक करून काढाव्यात. हल्ली मोबाइलवर तानपुरा मिळतो, तो चांगला आहे, पण पडद्यावर उड्या मारणारे रंगीत स्वर हाताचे काम करीत नाहीत. दुसरे पथ्य असे की, लिपी म्हणजे संगीत नव्हे. मींड कशी घ्यावी, कोमल गांधार एखाद्या रागात किती हलवावा, हे कागद सांगू शकत नाही. त्यासाठी उस्तादाच्या समोरच बसावे लागते. स्वरलिपीला विरोध करणाऱ्या जुन्या खाँसाहेबांचे म्हणणे या अर्थी खरे होते. परंतु ज्या मुलाच्या नशिबी उस्ताद नाही, त्याच्या हाती निदान कागद तरी असावा. आणि ज्याला उस्ताद लाभला, त्याची तालीम कागदामुळे विसरली जात नाही.

पालक विचारतील, याने मार्क मिळतात का? मिळतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा पायरीपायरीने परीक्षा असतात, त्यांत स्वरलिपी लिहावी लागते. महाराष्ट्रात शास्त्रीय कलांच्या मान्य परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुणांची सवलतही आहे. नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा शाळेत चौकशी करावी. पण माझी विनंती अशी की, केवळ गुणांसाठी हे करू नका. सोळा मात्रांत एक, दोन, चार स्वर बसवणारे मूल अपूर्णांक हाताने शिकत असते. दुसऱ्याने मांडलेले गाणारे मूल लक्ष देऊन ऐकायला शिकते. आणि आपल्या मनातली चाल ट्रेमध्ये मांडून दाखवणारे मूल लेखक झालेले असते.

मुलींविषयी एक शब्द. बाहेर शिकवणीला पाठवायचे नाही म्हणून कितीतरी मुलींचे शिकणे थांबते. घरात बसून वाचता येईल अशी विद्या त्यांच्या हाती दिली तर ते थांबणार नाही. पालकांनी याचा विचार करावा.

शेवटी संस्थेला माझी एक छोटी सूचना आहे. प्रत्येक प्राथमिक वर्गासाठी एक पेटी करावी. तिच्यात एक ट्रे, चकत्या, काड्या, गुंड्या, खडू आणि तीन वाडगे असावेत. आठवड्यातून दोन दिवस वीस-वीस मिनिटे द्यावीत. ज्यांच्या घरी चालत नसेल त्यांच्या मुलांना सक्ती नसावी, त्यांनी त्या वेळात त्याच ट्रेवर गुणाकार करावा. चकत्या कापण्याचे काम नववीच्या विद्यार्थ्यांनी घ्यावे आणि धाकट्यांना शिकवण्याचेही त्यांनीच घ्यावे, कारण दुसऱ्याला शिकवताना आपले पक्के होते. विद्यार्थी मित्रहो, या रविवारी अंडेवाल्याकडून एक ट्रे मागून आणा आणि सुरुवात करा. बडोद्याच्या एका उस्तादाने जे दार १८८६ साली उघडले, त्यातून आत जायला फी लागत नाही.